आवाज मोठा की रंग? जुना सिनेमा गच्चीवर लावून आपलं आपण कसं तपासायचं

कोल्हापुरात सिनेमावरनं वाद घालायला कारण लागत नाही, रंकाळ्यावर चार माणसं भेळ खायला थांबली तरी सुरू होतो. आमच्यात नेहमीचा एक म्हणजे जुन्या सिनेमाला जास्त बदललं कुणी, आवाजानं की रंगानं. वाद घालून काही कळत नाही, पण तपासता मात्र येतं. गेल्या दोन उन्हाळ्यांत मी गच्चीवर हे पाच-सहा वेळा केलंय आणि आता पद्धत बसलीय म्हणून लिहितोय. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट घालायची नाहीतर काढायची आणि बघणाऱ्यांना लगेच विचारायचं, दुसऱ्या दिवशी विचारलं की लोक आपल्याला काय ऐकायचंय ते सांगतात.

सामान फार नाही. प्रोजेक्टर भाड्यानं आणा, नसेल तर टीव्ही चालतो. पांढरी भिंत किंवा इस्त्री केलेली चादर, एक स्पीकर, आणि महाद्वार रोडला स्टेशनरीच्या दुकानात गणपतीच्या आराशीचा जिलेटिन कागद मिळतो तो निळा, नारंगी आणि लाल, प्रत्येकी दोन. माणसं सात-आठ पुरेत, पण त्यात एक तरी आज्जी आणि दोन बारकी पोरं पाहिजेतच, कारण आपण मधली माणसं सिनेमा बघून बघून इतकी सरावलोय की आपल्याला खरं काय वाटलं ते पटकन सांगताच येत नाही.

सुरुवात मूकपटानं करा. फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' नेटवर सापडतो, त्यात कृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी. लावायच्या आधी स्पीड बघा. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम पडायच्या, आणि तीच फिल्म आज २४ नं पळवली की माणसं तुरुतुरु धावतात आणि सगळे हसायला लागतात. तसं दिसलं तर प्लेअरमध्ये स्पीड ०.७५ करा, म्हणजे २४ चे १८ होतात. चाल आधीच सरळ दिसत असेल तर हात लावू नका.

आता आवाज पूर्ण बंद करून कालियाशी झुंज चालते तो भाग दाखवा. पोरं दोन मिनिटांत चुळबुळ करतात. मग तोच भाग परत लावा आणि गल्लीतलं हलगी वाजवणारं पोरगं बाजूला बसवा. त्याला काय वाजवायचं ते सांगू नका, फक्त पडद्याकडं बघून वाजव म्हणा. आमच्याकडं बसवलेलं ते नववीतलं पोरगं, पहिल्यांदा नुसतं बघत बसलं, मग कृष्ण पाण्यात गेला तसं बोटांनी हळू हळू सुरू केलं आणि नागानं विळखा घातला तेव्हा टिपरूच्या एका फटक्यात पुढं बसलेली बारकी पोरगी आज्जीच्या मांडीवर जाऊन बसली. चित्र तेच होतं, एक फ्रेम बदललेली नव्हती. मूकपट मुके नव्हतेच हो, थेटरात पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसलेले असायचे, आणि हे एकदा आपल्या अंगावर काटा आल्याशिवाय कळत नाही.

तसेच ते बेरंगही नव्हते, ही दुसरी पायरी. जिलेटिनचा कागद लेन्सच्या पुढं चार बोटं अंतरावर धरा, चिकटवू नका, माझा पहिला कागद तापून वाकडा झाला. रात्रीचा प्रसंग आला की निळा, घरातला दिव्याचा प्रसंग आला की नारंगी, आग लागली की लाल. जगभर हेच चालायचं, फिल्मच रंगाच्या पाण्यात बुडवून काढायचे, कारण रात्रीचं शूटिंग दिवसा उन्हात व्हायचं आणि रात्र आहे हे बघणाऱ्याला निळ्या रंगानं कळायचं. १९२० च्या आसपास परदेशातले बहुतेक सिनेमे असे रंगवलेलेच असायचे. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस या सिनेमा काढणाऱ्याच्या सिनेमांच्या कॉप्या एलिझाबेथ थुलिए यांच्या कारखान्यातल्या बायका ब्रशनं एक एक फ्रेम करून हातानं रंगवायच्या. त्याच्या १९०२ च्या चंद्रावरच्या सफरीच्या सिनेमाची अशी रंगीत कॉपी १९९३ मध्ये बार्सिलोनात सापडली आणि दुरुस्त करून २०११ ला परत पडद्यावर आली. ती पण नेटवर आहे, साधी आणि रंगीत दोन्ही लागोपाठ लावा. आमच्या आज्जीनं रंगीत बघून सांगितलं, "हे पैठणीच्या काठासारखं आहे, साध्यात नुसतं धुरकट होतं."

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, इथं घाई करू नका. लोक विचारतात की एवढा रंग होता तर पुढच्या बोलपटांत एकदम काळं-पांढरं कसं झालं? तर आवाजानं रंगाला ढकलून बाहेर काढला. त्या बोलपटांत आवाज फिल्मच्याच कडेला एका बारीक पट्टीत छापलेला असायचा, प्रोजेक्टरमधला एक छोटा दिवा त्या पट्टीतनं उजेड सोडायचा, पलीकडं फोटोसेल, म्हणजे उजेडाची वीज करणारा भाग, बसवलेला असायचा, पट्टीवरच्या नक्षीप्रमाणं उजेड कमी-जास्त व्हायचा आणि त्याचाच आवाज व्हायचा. फिल्म रंगात बुडवलेली असली की तो रंग नेमका सेलला लागणारा उजेड खायचा आणि आवाज बिघडायचा. हे दाखवायला मोबाइलची बॅटरी भिंतीवर मारा, मध्ये फणी हलवा, उजेड थरथरेल, हा तुमचा आवाज. आता मध्ये लाल आणि निळा कागद एकावर एक धरा, थरथर जवळजवळ दिसेनाशी होते. पोरांना हे लगेच समजतं, मोठ्यांना समजावून सांगावं लागतं. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीनं १९२९ ला सोनोक्रोम नावाची, आवाजाला न अडवणारा रंग आधीच दिलेली फिल्म काढली, पण तोवर लोक काळ्या-पांढऱ्याला सरावायला लागले होते.

पुढं बोलपट. इथं आपल्या गावचाच घ्या, प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा'. प्रभात १ जून १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली, शांतारामबापू, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी मिळून, यातले बरेचसे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. मुंबईत १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' हा आपल्याकडचा पहिला बोलपट लागला आणि १९३२ ला प्रभातचा हा बोलपट आला पण, म्हणजे वर्षभराच्या आत सगळं शिकून मोकळे. दहा मिनिटांचा तुकडा निवडा ज्यात गाणं आहे. एकदा आवाज बंद करून दाखवा, एकदा सगळ्यांना डोळे मिटायला सांगून नुसता ऐकवा. डोळे मिटून आमच्या आज्जीनं गोष्ट सांगितली सगळी बरोबर. आवाज बंद केल्यावर मात्र कुणालाच धड सांगता आली नाही. हाच प्रयोग 'कालिया मर्दन'वर करा, आवाज नसतानाही सगळ्यांना गोष्ट कळलेली असते. या दोन्हींत जो फरक दिसतो तो आवाजानं केलेला बदल, तो वहीत लिहून ठेवा.

बघताना माणसं कुठं उभी राहतात तेही बघा. सुरुवातीच्या बोलपटांत माइकला सोडून जाता यायचं नाही, कॅमेऱ्याची घरघर ऐकू येते म्हणून परदेशात तर कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना काच लावलेल्या बंद खोक्यात कोंडायचे. शिवाय तेव्हा प्लेबॅक नव्हता, नटानं स्वतः गायचं, म्हणून दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'त स्वतः गातात आणि राजा झालेत गोविंदराव टेंबे, पेटीवाले, संगीतही त्यांचंच. आणि मूकपटाला भाषा नव्हती, मधे येणाऱ्या लिहिलेल्या पाट्या बदलल्या की कुठंही चालायचा. 'अयोध्येचा राजा' मात्र मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा असा दोनदा काढावा लागला. कोण नट टिकणार, कुठल्या गावात सिनेमा चालणार, कॅमेरा कुठं ठेवायचा, हे सगळं आवाजानं ठरवलं. म्हणून माझं मत आवाजाकडं आहे, पण तुम्ही तुमच्या वहीवरनं ठरवा.

शेवटी रंग काढून बघा. शांतारामबापूंचा १९५५ चा 'झनक झनक पायल बाजे' लावा, तो टेक्निकलर या रंगीत फिल्मच्या पद्धतीतला आहे, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर शून्य करा. गोष्ट तशीच कळते, पण नाचाच्या वेळी लोक "अहो रंग लावा की" म्हणून ओरडतात. प्रभातनं रंगाचा नाद १९३३ लाच केला होता, 'सैरंध्री'ला, प्रोसेसिंग जर्मनीत करून आणलं आणि पडद्यावर रंग भडक आले. आपल्याच देशात प्रोसेस केलेला पहिला रंगीत सिनेमा १९३७ चा 'किसान कन्या'. बाहेर पण तीन रंगांचा टेक्निकलर १९३२ ला तयार होता आणि तरी काळे-पांढरे सिनेमे पुढं पंचवीस-तीस वर्षं निघतच होते, कारण रंगाला उजेड भरपूर लागायचा आणि पैसा त्याहून जास्त. आवाजाला मात्र दोन-चार वर्षं पुरली.

वेळ उरला तर अजून एक करा, हे दिवसा करायचं. मूकपटाच्या सुरुवातीच्या काळातल्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, निळा मात्र फार दिसायचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढं निळा जिलेटिन दोन पदरी धरा, आज्जीचा फोटो काढा आणि मग तो काळा-पांढरा करा. कुंकू कोळशासारखं काळं येतं, ओठ पण काळे, आणि मागचं निळं आभाळ पांढरं फट्ट. आमच्या आज्जीनं तो फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, तिच्या आईचा एकच फोटो घरात आहे त्यात कुंकू असंच काळं आहे, तिला वाटायचं शाई सांडलीय. जुन्या नटांच्या तोंडावर तो वेगळाच मेकअप का असायचा ते या एका फोटोत पोरांना कळतं.

झाल्यावर जिलेटिनचे कागद गुंडाळून ठेवा, घडी घालू नका, घडीची रेघ पुढच्या वेळी पडद्यावर आडवी दिसते.