अरल-कॅस्पियनच्या हिवाळ्यातला पांढरा रंग कसा ओळखायचा

मध्य आशियातल्या वाळवंटात बर्फ पडला की उपग्रहाचे फोटो फिरू लागतात आणि त्यात दिसणारं पांढरं ते सगळं लोक बर्फ धरून चालतात. बऱ्याचदा ते मीठ असतं, नाहीतर धुकं. थोडा वेळ दिला तर हे घरबसल्या पडताळता येतं, आणि कुणाला फोटो पाठवण्याआधी पडताळावंच, असं मला मनापासून वाटतं.

नासाची ‘वर्ल्डव्ह्यू’ साइट मोफत आहे. नकाशा अरल समुद्रावर आणा आणि जानेवारीतली तारीख लावा. ‘टेरा’ उपग्रह सकाळी फोटो घेतो, ‘अ‍ॅक्वा’ दुपारी. दोन्ही आलटून पालटून बघा. मधल्या वेळात जे सरकलं किंवा विरलं ते ढग किंवा धुकं. जागचं हललं नाही, त्याचाच पुढे विचार करायचा.

आता ७-२-१ पट्ट्यांचं चित्र लावा, म्हणजे उपग्रह टिपतो त्या प्रकाशाच्या सातव्या, दुसऱ्या आणि पहिल्या पट्ट्यांतून बनवलेलं कृत्रिम रंगांचं चित्र. बर्फ लघुतरंग अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश शोषतो, म्हणून इथे तो फिरोजी दिसतो. पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरेच राहतात. उंचावरचे हिमकणांचे ढग मात्र फिरोजी दिसून फसवतात, म्हणून सकाळ-दुपारची तुलना टाळू नका.

राहिलं मीठ. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवल्यावर १९६० च्या दशकापासून अरल आटत गेला. २०१४ मध्ये त्याच्या दक्षिण भागाचं पूर्वेकडचं पात्र पार कोरडं पडलं. त्या तळावर मीठ पसरलंय, आणि ओलं मीठ ७-२-१ मध्येही निळसर दिसू शकतं. अशा वेळी आधीच्या सप्टेंबरमधलं चित्र काढा. तेव्हाही ती जागा पांढरी असेल तर ते बहुधा मीठच.

तुर्कमेनिस्तानात कॅस्पियनला लागून असलेल्या कारा-बोगाझ-गोल या अतिखारट आखातात मात्र ही युक्ती चालत नाही. तिथल्या पाण्यात सोडियम सल्फेट भरपूर आहे आणि थंडीत त्याची विद्राव्यता झपाट्याने घटते. मग मिराबिलाइटचे (सोडियम सल्फेटचं पाणीयुक्त खनिज) स्फटिक खाली बसतात आणि लाटा ते किनाऱ्यावर आणून टाकतात. म्हणजे मीठच हिवाळ्यात उगवतं! तिथे तापमान शून्याच्या आसपासच असेल तर किनाऱ्यालगतचा पांढरा पट्टा मी आधी मीठ समजतो.

खरंच बर्फ असेल तर तो नेहमीचा की वेगळा, हा पुढचा प्रश्न. उत्तर कॅस्पियन अगदी उथळ, सरासरी पाच-सहा मीटर खोल, त्यात व्होल्गाचं गोडं पाणी; तो दर हिवाळ्यात गोठतो. कॅस्पियन सील त्याच बर्फावर पिल्लं देतात, त्यामुळे तिथे बर्फ कमी असणं ही जास्त काळजीची बातमी. पश्चिम अरलचं पाणी महासागरापेक्षा कितीतरी खारट आहे. ते गोठायला पारा शून्याच्या बराच खाली जावा लागतो. तिथे बर्फ धरला असेल तर थंडी कडक आहे. दोन तारखा शेजारी ठेवायची सोय साइटवर आहे. त्याच तारखेची मागची दहा वर्षं तरी चाळा.

शेवटी अराल्स्क किंवा नुकुस या अरलच्या परिसरातल्या शहरांचं रोजचं कमाल-किमान तापमान काढा. पडलेला बर्फ दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठला की गवतावर कडक कवच तयार होतं. कझाक पशुपालक या संकटाला ‘झुत’ म्हणतात: मेंढ्यांना कवच फोडता येत नाही आणि कळप उपासमारीने मरतात. साध्या फोटोत हे कवच वेगळं दिसत नाही. बर्फ टिकून असताना कमाल शून्याच्या वर आणि त्याच रात्री कडाक्याची थंडी, असं दिसलं तर झुतची शक्यता धरा.