कामांची यादी संगणकावर आणि फोनवर एकसारखी ठेवताना

संगणकावर लिहिलेले काम फोनवर दिसत नसेल, तर ॲप काढून पुन्हा टाकण्याआधी दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन केले आहे ना, हे पाहावे. ऑफिसचे आणि खासगी अशी दोन गूगल खाती असणाऱ्यांची गफलत बहुधा इथेच होते. गूगल टास्क्स या कामांच्या यादीच्या ॲपमधली यादी संगणकावर जीमेलच्या उजव्या पट्टीत उघडते, आणि ती त्या क्षणी उघडलेल्या खात्याचीच असते. खाते बरोबर असूनही फोनवर यादी जुनीच राहत असेल, तर बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइडने त्या ॲपचे पडद्यामागे चालू राहणे रोखले आहे का, ते सेटिंग्जमध्ये तपासावे.

साध्या मजकुराच्या फाइलमध्ये यादी लिहून ती ड्रॉपबॉक्समधून (फाइल इंटरनेटवर साठवणाऱ्या सेवेतून) दोन्हीकडे वापरणाऱ्यांनी (मला स्वतःला हीच पद्धत आवडते, कारण ॲप बदलले तरी यादी आपल्याच हाती राहते) एक पथ्य पाळावे. फोन ऑफलाइन असताना त्यावर केलेला बदल अपलोड होण्याआधी संगणकावर तीच फाइल बदलू नये. ड्रॉपबॉक्स दोन्ही बदल एकत्र न करता फाइलची वेगळी प्रत ठेवतो, आणि मग ‘वीजबिल भरणे’ एका प्रतीत झालेले, तर दुसरीत शिल्लक दिसते.