कोंडा घालवायचाय? आधी तेलाची बाटली बाजूला ठेवा

डोकं ओलं करा, २ टक्के केटोकोनॅझोलचा (हे बुरशीवरचं औषध) शॅम्पू लावा, थांबा, धुवा. आठवड्यातून दोनदा, महिनाभर. कृती एवढीच.

मी मात्र तीन हिवाळे यात अडकलो, कारण शॅम्पूच्या आदल्या रात्री घरची चंपी चालूच होती. आजीचं निदान ठरलेलं: डोकं कोरडं पडलंय. तेल लावलं की पापुद्रे चिकटून बसत, दिवसभर बरं वाटे. तिसऱ्या दिवशी खांद्यावर पुन्हा भुसा.

कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, असतं. प्रत्येकाच्याच त्वचेवर ते राहतं. लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये कोंड्यातल्या या पेशींचं वर्णन केलं. २००७ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, वाचला गेला, तेव्हा दिसलं की मेदाम्लं तयार करणारं जनुकच त्याच्याकडे नाही. म्हणजे चरबी आयती हवी. मग ते लायपेज नावाची विकरं बाहेर सोडतं, आपल्या त्वचेवरचं तेल फोडतं, त्यातली संतृप्त मेदाम्लं स्वतः खातं आणि ओलेइक आम्लासारखी असंतृप्त उरवतं. या उष्ट्याचाच काहींच्या त्वचेला त्रास होतो. कोंड्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या डोक्याला नुसतं ओलेइक आम्ल लावलं, तरी पापुद्रे सुटतात.

आता ‘कोमट ऑलिव्ह तेलाने मसाज करा’ हा सल्ला आठवा. ऑलिव्ह तेलात सगळ्यात जास्त असतं ते ओलेइक आम्लच. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचं असेल तर प्लेटवर हेच तेल ओततात! लिंबाबद्दल तर बोलायलाच नको. खाजवून सोललेल्या डोक्यावर ते पिळून पाहिलंय मी, डोळ्यांत पाणी आलं, कोंडा जागेवरच.

तेव्हा महिनाभर डोक्याच्या त्वचेला तेल बंद. केस फारच राठ होत असतील तर फक्त टोकांना लावा.

दुसरी चूक थांबण्यातली. मेदाम्लं उसनी आणणारं हे यीस्ट त्याच्या पेशींच्या आवरणातलं एर्गोस्टेरॉल नावाचं स्निग्ध द्रव्य मात्र स्वतः बनवतं, आणि औषध तेच बंद पाडतं. फेस आला की लगेच धुतला, तर औषध मुरणार कधी? घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा. फेस केसांत नव्हे, बोटांच्या पेरांनी त्वचेपर्यंत पोचवा, नखं नकोत.

महिन्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा पुरतो. पूर्ण बंद केलात तर कोंडा परततो, कारण यीस्ट कुठे गेलेलंच नसतं. केस पुंजक्याने गळत असतील, पू असेल किंवा लहान मुलाच्या डोक्यात चट्टे असतील, तर हे काहीच करू नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा.