स्वतःचा मेल सर्व्हर टाकायचाय? मग टूल असं निवडा

सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात की मेलकाऊ घेऊ का मेल-इन-अ-बॉक्स (दोन्ही मेल सर्व्हर उभा करून देणारी सॉफ्टवेअर), पण टूल नंतर, आधी सर्व्हर बघा. व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घ्यायच्या आधीच त्या कंपनीला दोन गोष्टी विचारून घ्या, पोर्ट २५ वरून (एक सर्व्हर दुसऱ्याला मेल देतो ती वाट) मेल बाहेर जाऊ देता का आणि पीटीआर रेकॉर्ड (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) आपल्याला सेट करता येतो का. बरेच जण पोर्ट २५ बंदच ठेवतात, आणि पीटीआर नसेल तर जीमेल तुमचे मेल स्पॅममध्ये टाकतं नाहीतर सरळ परत पाठवतं, मग टूल कितीही भारी असो काही उपयोग नाही. घरच्या ब्रॉडबँडवर तर हा उद्योग करूच नका.

हे जमलं की रॅम बघा. १ जीबीच असेल तर मेल-इन-अ-बॉक्स, कोऱ्या उबुंटू २२.०४ वर एक कमांड चालवली की पोस्टफिक्स (मेल पाठवायला-घ्यायला), डव्हकॉट (मेलबॉक्ससाठी), राउंडक्यूब (ब्राउझरमध्ये मेल वाचायला), अगदी डीएनएस (डोमेनच्या नोंदी) सुद्धा तेच लावून देतं, फक्त ते अख्खं मशीन आपल्या ताब्यात घेतं, त्यामुळे त्याच सर्व्हरवर वेबसाइटचे बाकीचे प्रयोग करायचे असतील तर हे नको. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन) येत असेल आणि ऑफिसची दहा-वीस माणसं असतील तर मेलकाऊ घ्या, अ‍ॅडमिन पॅनेल खरंच छान आहे, त्यातल्या सोगो या वेबमेलमुळे कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्सही मिळतात, पण ६ जीबी रॅम लागते. रॅम कमी पडत असेल तर त्यातलं क्लॅमएव्ही हे अँटीव्हायरस बंद करता येतं. ज्यांना पॅनेलपेक्षा कॉन्फिग फाइलीच (सेटिंग लिहायच्या फाइली) आवडतात त्यांना डॉकर-मेलसर्व्हर. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं स्टॉलवर्ट एकाच प्रोग्रॅममध्ये सगळं देतं, मला ते फार आवडतं, पण तुलनेनं नवीन आहे.

फक्त न्यूजलेटरच पाठवायचं असेल तर यातलं काहीच नको, झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीच्या कैलाश नाध यांनी बनवलेलं लिस्टमंक बघा. त्याला पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो, आणि ते स्वतः मेल पोचवत नाही, मागे एसएमटीपी सर्व्हिस (मेल पाठवून देणारी सेवा) जोडावी लागते.

आता डोमेनच्या डीएनएसमधल्या तीन नोंदी, एसपीएफ (कुठले सर्व्हर तुमच्या नावानं मेल पाठवू शकतात), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (ही तपासणी नापास झाली तर काय करायचं), तिन्ही लावा. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना २०२४ पासून जीमेलनं हे सक्तीचंच केलंय, पण तुमचे पन्नासच मेल जात असले तरी लावाच. डीमार्क सुरुवातीला पी=नन (नापास मेल अडवू नका, फक्त कळवा) ठेवा, रिपोर्ट नीट यायला लागले की मग कडक करा.

एमएक्स रेकॉर्ड (तुमच्या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर यावेत ते सांगणारी नोंद) मात्र सगळ्यात शेवटी बदला. त्याआधी एखाद्या सबडोमेनवरून जीमेलला टेस्ट मेल पाठवून 'शो ओरिजिनल'मध्ये तिन्हीपुढे पास दिसतंय का बघा, जुने मेल आयमॅपसिंक या मेल कॉपी करायच्या टूलनं नव्या सर्व्हरवर आणा, आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर जातोय ना तेही एकदा रिस्टोर करून तपासा.