ड्रॉवरवाला बेबी कॉट घ्यायचा की नको?

पहिलं सांगते, बाळाच्या खोलीत आधीच कपाट असंल तर ड्रॉवरसाठी जास्तीचे पैसे घालू नका. बेळगावात टिळकवाडी-शहापूरकडं एक बीएचके फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मात्र तो कामाला येतोय, दुपटी, लंगोट, डायपर सगळं हाताशी, रात्री दिवा लावून शोधाशोध नको.

पण आपल्याकडचा पाऊस आहे बघा, बेळगाव-खानापूरच्या बाजूला जूनपासून भिंतीला ओल धरते आणि खालचा बंद कप्पा कोंदट होतो, पार्टिकल बोर्ड असंल तर फुगून ड्रॉवर अडकायलाच लागतो, मग ओढताना कॉट हलून झोपलेलं बाळ उठतंय (कष्टानं झोपवलेलं!). त्यामुळं लाकूड किंवा चांगलं प्लायवूड बघा, दुकानातच ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून चॅनल (ड्रॉवर सरकायची पट्टी) कसा चालतोय ते बघा, आणि कॉट भिंतीपासून थोडा लांब ठेवा. कपडे कडक वाळवूनच आत ठेवायचे, वास मारतोय म्हणून डांबरगोळ्या अजिबात टाकू नका, त्याची वाफ तान्ह्या बाळाला बाधू शकते, विशेषतः बाळाच्या रक्तात जी६पीडी (तांबड्या पेशी जपणारं एन्झाइम) कमी असंल तर.

ज्या कॉटला बाजूला टेबलासारखा कप्पा जोडलेला असतोय तो मला पटत नाही, बाळ उभं राहायला लागलं की त्यावरनंच चढतंय. स्टोरेजच्या नादात मूळ गोष्ट विसरू नका, दोन गजांमधली फट ६ सेंमीपेक्षा जास्त नको. गादी आणि कडेत दोन बोटं जात असतील तर गादी बदला.

सुताराकडनं करून घेणार असाल तर ड्रॉवर चाकांवर सुटाच करायला सांगा, कॉट गेला तरी पलंगाखाली चालतोय.