स्नोबोर्ड बाइंडिंगचे पट्टे घरच्या घरी कसे बदलावेत

बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्नोबोर्डला जखडून ठेवणाऱ्या पकडीचा, पट्टा तुटला असं आपण म्हणतो खरं, पण गादीचा रुंद पट्टा क्वचितच तुटतो. तुटते ती दातेरी पट्टी, म्हणजे लॅडर. आणि तीही बहुतेकदा स्क्रूने जखडलेल्या भोकापाशी. थंडीत प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, बुटाचा ताण असतो, त्यात पडताना पट्टी उलटी दुमडते. भोकाच्या कडेला केसाएवढा तडा जातो आणि मग भर उतारावर ती हातात येते.

म्हणून नवीन बाइंडिंगची चौकशी करण्याआधी नेमकं काय गेलंय ते पाहा. प्रत्येक पायाला दोन पट्टे असतात, घोट्याचा आणि बोटांचा. प्रत्येकाचे पुन्हा दोन भाग: रॅचेटचं बकल (दात पकडून पट्टी एकाच दिशेला सरकू देणारं) बसवलेला गादीचा भाग आणि समोरून येणारी लॅडर. म्हणजे जोडीत चार लॅडर, चार बकलं आणि त्यांना धरून ठेवणारे छोटे स्क्रू आणि नट. बकल घसरत असेल तर लॅडरच्या दातांवरून बोट फिरवा. दात गोलसर लागले तर लॅडर बदला. दात टोकदार असूनही घसरत असेल, तर बकलमध्ये बर्फ किंवा माती अडकली असेल. कोमट पाण्याने धुऊन वाळवा. बरेचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं, तर स्प्रिंग गेली असं समजा आणि बकल बदला.

सुटा भाग घेताना जुना तुकडा सोबत ठेवा. लांबी, रुंदी, भोकाचा व्यास आणि दातांमधलं अंतर, चारही जुळायला हवं. घोट्याची लॅडर लांब असते, बोटांची आखूड. एका कंपनीची लॅडर दुसऱ्या कंपनीच्या बकलमध्ये शिरते, टकटक आवाजही करते, आणि जोर लावला की सुटते. त्यामुळे बसवण्याआधीच ती बकलमध्ये घालून दहा-बारा दात आत ओढा आणि दोन्ही हातांनी उलट खेचून पाहा. एकदा जरी घसरली तर ती परत करा.

खोलताना

एका वेळी एकच बाइंडिंग खोला. दुसरी शेजारी तशीच ठेवा. कुठला वॉशर कुठे होता हे तिच्याकडे बघून कळतं. फोटोपेक्षा हा उपाय मला भरवशाचा वाटतो. बहुतेक स्क्रूंना फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि तो खाचेत घट्ट बसणाराच हवा. लहान टोकाने खाच खराब झाली की आगीतून फुफाट्यात. तशी झालीच, तर मध्ये रबरबँडचा तुकडा दाबून फिरवून पाहा. स्क्रूबरोबर मागचा नटही गरागरा फिरत असेल तर अंगठ्याने तो आतल्या बाजूने दाबून धरा.

काही बकलं स्क्रूऐवजी रिव्हेटने, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळीने, बसवलेली असतात. तिथे रिव्हेट ड्रिलने काढून त्या जागी चपट्या डोक्याचा स्क्रू आणि नट बसवावा लागतो. स्क्रूचं टोक बुटाच्या बाजूला वर येता कामा नये, नाहीतर ते बुटात रुतत राहील.

बसवताना

नवी लॅडर दात बाहेर ठेवून बसवा. स्क्रूचे पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवा. वाकडा शिरला तर नटाचे आटे जातात आणि मग तोही बदलावा लागतो. जिथे पट्टी स्क्रूभोवती फिरते, तिथे घट्ट केल्यावरही ती थोडी जड, पण फिरली पाहिजे. जास्त आवळलं की भोकाभोवतालचं प्लॅस्टिक चिरडतं आणि नवा तडा तिथूनच सुरू होतो.

स्क्रू ढिला होतो म्हणून थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवून धरणारं द्रव, लावायचा मोह होतो. लावू नका. हे द्रव धातूसाठी ठीक, पण पॉलिकार्बोनेटसारख्या काही प्लॅस्टिकना ते तडे पाडतं. त्यापेक्षा पहिल्या दिवसाच्या फेऱ्यांनंतर सगळे स्क्रू एकदा तपासा.

माप बदलायचं असेल तर

पट्टा सैल पडतो आणि लॅडरचं शेपूट फार लांब आहे, या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. सैल पडत असेल तर बुडाकडचं भोक बदला. बहुतेक पट्ट्यांना दोन-तीन भोकं असतात. दोन्ही बाजूंनी सारखं सरकवा, म्हणजे गादी पायाच्या मधोमध राहील.

शेपूट लांब असेल तरच टोक कापा, तेही बूट घालून, पट्टा नेहमीइतका आवळून, बकलपलीकडे चार-पाच दात राखून. मी एकदा बुटाशिवाय अंदाजाने कापली होती. पाय आत ठेवल्यावर ती बकलपर्यंत पोचेचना. कापलेलं टोक कानशीने जुन्यासारखं निमुळतं करा आणि पॉलिश पेपरने घासा.

नवं भोक पाडायचं झालं तर तापवलेला खिळा नको. तो प्लॅस्टिक वितळवतो, कडा ठिसूळ होते. लॅडर लाकडावर शिकंज्याने घट्ट धरा, आधी २-३ मिलिमीटरचं ड्रिल सावकाश चालवा, मग मूळ भोकाएवढं मोठं करा. नव्या भोकापासून टोकापर्यंत कंपनीच्या भोकाइतकंच अंतर राहू द्या. हे प्रयोग पट्ट्यावरच करा. बाइंडिंगच्या बेसला किंवा मागच्या उभ्या पाठीला भोक पाडू नका. तो भाग फुटला तर दुरुस्ती नाही.

पायाच्या वरच्या बाजूला पट्टा टोचत असेल तर टोचणाऱ्या जागेवरच फोम चिकटवायची चूक करू नका, दाब आणखी वाढेल. तिच्या दोन्ही बाजूंना पातळ फोम लावा, म्हणजे मधे पोकळी राहते.

तपासताना

मोजे-बूट घालून, बोर्ड गालिच्यावर ठेवून, दोन्ही पाय बांधा आणि वीस मिनिटं गुडघे वाकवत, टाचा-बोटांवर झुकत राहा. बकलाचे खटके बाहेरच्या बाजूला आहेत ना, हे बघा. हातमोजे घालून ते उघडतात का, तेही. उघडत नसतील तर बर्फावर पडल्यावर नक्कीच उघडणार नाहीत.

जॅकेटच्या खिशात एक जास्तीची घोट्याची लॅडर, दोन स्क्रू, दोन नट आणि आखूड स्क्रूड्रायव्हर ठेवा. केबल टायवर विसंबू नका, तो थंडीत काचेसारखा तुटतो. बोर्ड ठेवून देताना पट्टे बकलमध्ये अडकवून ठेवा. उघडी लॅडर काही महिने दुमडून राहिली की पुढच्या मोसमात तिला तिथेच तडा गेलेला सापडतो.