बसण्या-उभं राहण्याची ढब आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू

खोकताना, शिंकताना किंवा झटकन उठताना लघवीचे थेंब गळत असतील, तर बहुतेक बायकांना 'कीगल करा', म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम करा, एवढंच सांगितलं जातं. ते कोणत्या स्थितीत करायचं, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पण हे स्नायू आडवं पडल्यावर सगळ्यात कमी काम करतात आणि उभं राहिल्यावर सगळ्यात जास्त. बसण्यातही फरक आहे. पाठ टेकून, पोक काढून बसलं की ते सुस्तावतात. टेका सोडून ताठ बसलं की मुद्दाम न आवळताही त्यांचं काम वाढतं. गळण्याचा त्रास असलेल्या बायकांमध्ये ही वाढ कमी दिसते, म्हणून त्यांनी तर बसण्याकडे आधी लक्ष द्यावं.

हे स्नायू पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्यांनी खालून पेललेले असतात. उभं राहिलं की पोटातला भार थेट या तळावर येतो, म्हणून त्यांना सतत थोडं आवळून राहावं लागतं. वरच्या बाजूला श्वासपटल असतं. श्वास घेताना ते खाली सरकतं आणि तळही किंचित खाली जातो. श्वास सोडताना दोन्ही वर येतात. श्वास कोंडून जोर लावला की दाब खाली जातो, तो यामुळेच.

आधी बसणं नीट करा

बैठक टणक असलेली खुर्ची घ्या. मऊ सोफ्यात हे जमणार नाही. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले, पावलांत कमरेच्या रुंदीइतकं अंतर, गुडघे कमरेच्या पातळीला किंवा किंचित खाली. आता दोन्ही हात तळवे वर करून कुल्ल्यांखाली सरकवा. दोन टोकदार हाडं बोटांना लागतील. माकडहाडाकडे कलंडून पाठ गोल केली की ती टोकं हातावरून पुढे निसटतात. कमरेला खूप बाक दिला की मागे जातात. या दोन स्थितींच्या मधे एक जागा अशी सापडते जिथे ती हाडं सरळ खाली रुततात. तिथे थांबा, हात काढा आणि डोकं वर खेचल्यासारखी उंची वाढवा. छाती पुढे काढायची नाही, खांदे सैल सोडायचे.

याच स्थितीत वारा अडवल्यासारखं आणि लघवी रोखल्यासारखं एकाच वेळी आवळा. आतून वर ओढलं गेल्याची जाणीव झाली पाहिजे. श्वास सोडत आवळायचं आणि मग श्वास चालू ठेवून धरायचं. मागे रेलल्यावर आवळणं गुदद्वाराकडे जास्त जाणवतं आणि थोडं पुढे कलल्यावर मूत्रमार्गाकडे, असं बऱ्याच जणींच्या लक्षात येतं. गळती लघवीची असेल तर किंचित पुढे कलून करून पाहा.

काही जणींना आवळतोय असं वाटतं, पण प्रत्यक्षात त्या खाली ढकलत असतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नुसत्या तोंडी सूचनेवर ४७ पैकी निम्म्या बायकांनाच हे नीट जमलं होतं, आणि साधारण चौथा हिस्सा बायकांची पद्धत गळती वाढवू शकेल अशी होती. म्हणून एकदा आरसा धरून पाहा. आवळल्यावर योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग आत-वर गेला पाहिजे. तो बाहेर फुगत असेल तर थांबा आणि पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच तळाच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. उलटा व्यायाम तसाच चालू ठेवू नका.

उभं राहताना

'कुल्ले आत घ्या, पोट आत घ्या' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि आम्हाला तो पटत नाही. कमरेचा बाक सपाट करून उभं राहिलं की तळाच्या स्नायूंचा विश्रांतीतला ताण वाढतो खरा, पण मुद्दाम आवळायला सांगितलं की आवळण्याचा दाब कमी पडतो. कमरेला फार बाक दिल्यावरही तो कमीच पडतो. आवळणं सगळ्यात चांगलं जमतं ते स्वतःच्या नेहमीच्या, मधल्या ढबीत. तेव्हा वजन टाचा आणि चवडे दोन्हींवर सारखं, गुडघे मागे न ताणता सैल, बरगड्या बरोबर कमरेच्या वर, एवढं पुरे.

घोट्याचाही यात वाटा आहे. टाचा उंच आणि चवडे खाली असताना स्नायूंचं काम कमी दिसतं; चवडे उंच असताना जास्त. उभं राहून आवळणं जाणवतच नसेल तर चवड्यांखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीची, न घसरणारी फळी ठेवा, भिंतीचा आधार घ्या आणि करून पाहा.

किती आणि कोणत्या क्रमाने

रोजच्या व्यायामाची सुरुवात पाठीवर झोपून, गुडघे वाकवून. आवळून पाच सेकंद धरा, तेवढाच वेळ किंवा थोडा जास्त पूर्ण सोडा. असं आठ ते दहा वेळा. नंतर दहा झटपट आवळ-सोड. दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास न अडवता, कुल्ले न आवळता हे जमलं की बसून, मग उभं राहून. उभं राहून पाच सेकंद टिकत नसेल तर एक पायरी मागे या. दमलेल्या स्नायूऐवजी मांड्या आणि कुल्ले काम करायला लागतात. उभं असताना एक हात कुल्ल्यावर ठेवला तर चोरी लगेच पकडता येते. हळूहळू धरण्याचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्या.

यानंतर ते रोजच्या हालचालीत आणा. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की वाकू नका, पाठ सरळ ठेवा, आधी आवळा आणि मग खोका. खुर्चीतून उठताना आणि ओझं उचलतानाही हाच क्रम: आवळायचं, श्वास सोडायचा, उचलायचं.

सोडणंही तितकंच महत्त्वाचं

दिवसभर ताठ बसून तळ आवळून ठेवायचा नसतो. अर्ध्या-पाऊण तासाने स्थिती बदला, मधूनच रेलून बसलात तरी बिघडत नाही. संबंधाच्या वेळी दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, शौचाला अडकल्यासारखं होणं ही स्नायू सैल न सुटण्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी आवळण्याचे व्यायाम बंद ठेवा. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर टेकवा आणि पोट फुगेल असे सावकाश श्वास घ्या. दुखणं राहिलं तर तपासून घ्या.

कमोडवर शौचाला बसताना पायांखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या आणि कोपरं मांड्यांवर टेकवून पुढे झुका. गुदाशयाभोवतीचा स्नायू सुटायला मदत होते. लघवीला सीटवर अधांतरी वाकून बसू नका. मांड्या-कुल्ले ताणलेले असताना तळ पूर्ण सुटत नाही आणि मूत्राशयात लघवी उरते. चालू लघवी मधेच थांबवण्याचा व्यायामही करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

योनीतून काही खाली उतरल्यासारखं वाटत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं तर व्यायामावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी अचानक अजिबात होईनाशी झाली किंवा जांघा आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, लगेच दवाखाना गाठा.